ब्रॉयलर पिलांचें आंतडें व खाद्यांत मिसळावयाचीं पूरक द्रव्यें

आमच्या कर्जत तालुक्यांत भातशेतीस जोडधंदा म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडी पुष्कळ झाल्या आहेत. पावसाळा लागला म्हणजे या शेडींवर दोन प्रकारचे पाहुणे येऊं लागतात. एक माशा, व दुसरे औषधांच्या बाटल्या घेऊन फिरणारे विक्रेते. पहिल्यांस हांकलतां येतें. दुसऱ्यांस चहा द्यावा लागतो. कोणी आंतडें बळकट करणारी पूड दाखवितो, कोणी पाण्यांत घालावयाचें आम्ल, तर कोणी ओव्याचा व दालचिनीचा अर्क. आणि प्रत्येकाच्या कागदावर वजन इतकें वाढलें, मरतूक इतकी घटली, असे आंकडे छापलेले असतात. गेल्या हंगामांत संघाच्या अनेक सभासदांनीं आम्हांस एकच प्रश्न केला कीं, यांपैकीं घ्यावें तरी कोणतें?

आम्ही पशुवैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झाल्यावर तीन हजार पिलांची एक शेड चालवितों, इतकाच आमचा अधिकार. परंतु याच प्रश्नापायीं आम्हीं एकदां चांगलीच ठोकर खाल्ली आहे. आणि त्यानंतर वाचून, जाणत्यांस विचारून व रोजची वही ठेवून जें समजलें तें येथें देत आहों. आमच्या मतें कोणतें औषध घ्यावें हा प्रश्न दुसरा आहे. पिलाच्या आंतड्यास झालें आहे काय, हा पहिला. पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसऱ्याचें उत्तर देणें म्हणजे मोजणी न करितां हद्दीचे दगड रोवण्यासारखें आहे.

अंड्यांतून निघालेलें पिलूं सुमारें ४० ते ४५ ग्रॅम भरतें, आणि पांच-सहा आठवड्यांत तें दोन किलोंवर जातें. म्हणजे जन्मवजनाच्या जवळजवळ पन्नासपट! गाईचें वासरूं या हिशोबानें वाढलें तर दीड महिन्यांत त्याला गोठ्याच्या दारांतून बाहेर काढतां येणार नाहीं. एवढें वजन चढविण्यास त्यास किलोमागें साधारण दीड ते पावणेदोन किलो खाद्य पुरतें. धंद्याच्या खर्चांतील शंभर रुपयांपैकीं साठ ते सत्तर रुपये खाद्यांतच जातात, तेव्हां खाल्लेल्या दाण्यांतून अंगीं किती लागलें यावर सगळा नफा-तोटा ठरतो. हें अंगीं लावण्याचें काम आंतडें करतें.

कोंबडीस दांत नाहींत. दाणा प्रथम गळ्याखालच्या पिशवींत भिजतो. तेथून तो जठरांत जातो व त्यास आम्ल आणि पाचक रस लागतो. पुढें पेट्यांत, म्हणजे खाटिकाच्या दुकानीं कलेजीबरोबर जो मिळतो त्या जाड मांसल पिशवींत, त्याचें जात्याप्रमाणें दळण होतें. मग लहान आंतड्याच्या पहिल्या वेढ्यांत पित्त व स्वादुपिंडाचा रस मिळतो आणि अन्नाचें खरें पचन तेथून पुढें होतें. लहान व मोठ्या आंतड्यांच्या सांध्याशीं बंद तोंडाच्या दोन नळ्या असतात. त्यांस अंधनाल म्हणतात. त्यांची आठवण वाचकांनीं ठेवावी, पुढें त्यांचें काम पडणार आहे. हा सारा प्रवास अवघा चार ते सहा तासांचा असतो. म्हणून वाटेंत थोडासा जरी बिघाड झाला तरी दाणा न पचतां विष्ठेंतून तुसावर येऊन पडतो.

लहान आंतड्याची आंतली बाजू मखमलीसारखी दिसते. ती मखमल म्हणजे अत्यंत बारीक अंकुर होत. यांस रसांकुर असें नांव आहे. भाताच्या दाढींत रोपें दाट उभीं असावीं तसे हे उभे असतात. अंकुर जितके उंच व निरोगी, तितकें अन्न शोषणारें क्षेत्र अधिक. त्यांच्या बुडाशीं नव्या पेशी जन्मतात, त्या वर वर सरकतात आणि कांहीं दिवसांत शेंड्यावरून झडून जातात. ही डागडुजी अखंड चालू असते व तिचा खर्चही खाद्यांतूनच भागतो. आंतड्यास इजा झाली कीं डागडुजी वाढते. मग पिलूं खातें तितकेंच, पण खाल्लेलें वजनास न लागतां दुरुस्तीस लागतें.

हे अंकुर पहिल्या आठवड्यांत सर्वांत झपाट्यानें वाढतात, आणि पोटांत अन्न पडल्यानेंच त्यांस चालना मिळते. पिलाच्या पोटांत अंड्यांतील बलकाचा शिल्लक अंश कांहीं दिवस असतो, तेव्हां पहिल्या दिवशीं खाल्लें नाहीं तरी चालेल असें पुष्कळजण समजतात. तें चूक आहे. पिलें आल्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे चोवीस तासांनीं, शेडीच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून शंभर पिलें हातीं घ्यावीं व गळ्याखालची पिशवी बोटानें हळूच चांचपावी. ती भरलेली व मऊ, भिजविलेल्या पिठासारखी लागली पाहिजे. कडक लागली तर पिलास पाणी मिळालें नाहीं. नुसत्या पाण्याची लागली तर दाणा मिळाला नाहीं. शंभरांत पंचाण्णव पिशव्या नीट भरलेल्या नसतील तर ऊब, उजेड, पाण्याची उंची यांपैकीं कशांत तरी खोट आहे. या परीक्षेस एक पैसा लागत नाहीं, आणि बहुधा म्हणूनच ती कोणी करीत नाहीं.

आतां एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे, कारण सर्व पुडींचें मूळ तिच्यांत आहे. अंगणांतल्या गांवठी कोंबडीचीं पिलें आईच्या मागें उकिरडा उकरीत फिरतात व तिच्या विष्ठेंतील जंतु पहिल्या दिवसापासून टिपतात. आपणांस हें किळसवाणें वाटतें, पण तेंच त्यांचें बाळकडू होय. यंत्रांत उबविलेल्या पिलास आई ठाऊकच नसते. त्याचें आंतडें जवळजवळ रिकामें घेऊन तें आपल्या शेडींत येतें. रिकामी जागा कोणाच्या कबज्यांत जाते हें ज्यांनीं अतिक्रमणाचे अर्ज हाताळले आहेत त्यांस सांगणें नको. जो प्रथम येईल त्याच्या. प्रथम चांगले जंतु आले तर ते अन्नाचा सांडलेला अंश खाऊन आम्लें तयार करतात, भिंतीवरील जागा अडवितात, व रोगजंतूंस पाय ठेवूं देत नाहींत.

फिनलंडांत सन १९७१ मध्यें कोंबड्यांत साल्मोनेला जंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर एस्को नुर्मी व रांताला या तेथील शास्त्रज्ञांनीं निरोगी मोठ्या पक्ष्याच्या आंतड्यांतील द्रव्य एक दिवसाच्या पिलांस पाजलें. तीं पिलें साल्मोनेलास दाद देईनाशीं झालीं. हा शोध सन १९७३ मध्यें ‘नेचर’ या नियतकालिकांत छापून आला. अंगणांतली कोंबडी आपल्या पिलांस जें अजाणतां देते, तेंच या शास्त्रज्ञांनीं जाणून दिलें. आज बाजारांत जंतूंच्या ज्या पुड्या मिळतात त्यांमागील विचार हाच आहे.

परंतु या पुड्यांपूर्वीं जगानें निराळीच वाट धरली होती, आणि तिचा आरंभही शेताच्या मातींतून झाला. अमेरिकेंत लेडर्ली या औषधशाळेंत संशोधनाचे प्रमुख आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. त्यांच्या हाताखालीं बेंजामिन डुगर नांवाचे निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ वयाच्या सत्तरी-नंतर मातीचे नमुने तपासण्याचें काम करीत. मिसूरी विद्यापीठाच्या प्रयोगशेतांतील मातींत त्यांस सन १९४५ मध्यें जो जंतु सांपडला त्यापासून ऑरिओमायसिन हें औषध झालें. निवृत्तीनंतर माणसानें स्वस्थ बसावें असें म्हणणारांनीं हें लक्षांत घ्यावें! पुढें त्याच औषधशाळेंत टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोक्स्टॅड हे पिलांच्या वाढीस लागणारें ब-१२ जीवनसत्त्व शोधीत असतां, हें औषध काढून घेतल्यावर उरणारा चोथा त्यांनीं पिलांस चारला. ब-१२ नें व्हावी त्याहून अधिक वाढ झालेली त्यांस दिसली. चोथ्यांत राहिलेला औषधाचा अंश हें त्याचें कारण होतें. सन १९५१ मध्यें अमेरिकेंत प्रतिजैविक औषधें खाद्यांत मिसळण्यास परवानगी मिळाली आणि ही चाल जगभर पसरली.

दुखणें नसतांना रोज थोडें थोडें औषध दिल्यास जंतु मरतात, पण सगळे मरत नाहींत. जे उरतात ते त्या औषधास सरावलेले असतात, व तो सराव ते दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देऊं शकतात. इंग्लंडांत सन १९६९ च्या स्वान समितीनें हा धोका सांगितला. स्वीडननें सन १९८६ मध्यें वाढीसाठीं खाद्यांत प्रतिजैविकें घालणें बंद केलें, व सन २००६ च्या आरंभापासून सर्व युरोपीय संघानें बंद केलें. आपल्याकडे कोलिस्टिन हें औषध पिलांच्या पाण्यांत व खाद्यांत सर्रास जाई. माणसांवर इतर औषधें चालेनाशीं झालीं म्हणजे इस्पितळांत शेवटचा उपाय म्हणून जीं थोडीं औषधें राखून ठेवलेलीं असतात त्यांपैकीं तें एक. भारत सरकारनें सन २०१९ च्या जुलै महिन्यांत अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांत व कोंबड्यांत त्याच्या वापरास बंदी केली. तरी एखाद्या जुन्या दुकानदाराकडे निराळ्या नांवाची पुडी मिळाली तर ती घेऊं नये, व दुकानदारास तसें तोंडावर सांगावें.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडिलांस लघवीच्या विकारानें इस्पितळांत ठेवावें लागलें. तपासणीचा जो कागद आला त्यांत औषधांची लांबलचक यादी होती, आणि बहुतेक नांवांपुढें ‘लागू नाहीं’ असा शेरा. चौथ्या औषधानें गुण आला. तो जंतु आमच्या शेडींतून आला असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं. परंतु त्या यादींतलीं दोन नांवें आम्हीं आमच्याच शेडीच्या फळीवरील बाटल्यांवर वाचलेलीं होतीं, आणि घरीं आल्यावर त्या बाटल्यांकडे पूर्वींसारखें पाहवेना.

प्रतिजैविकें बंद केल्यावर धंदा बुडतो काय? डेन्मार्कांतील कोंबडीपालकांनीं सन १९९८ मध्यें तीं आपण होऊन बंद केलीं, तेव्हां त्यांचा खाद्याचा हिशोब फारसा बिघडला नाहीं. मात्र आंतड्याच्या रोगाकडे अधिक डोळसपणें पाहावें लागलें. तो रोग कसा येतो तें आतां आमच्याच अनुभवावरून सांगतों.

तीन वर्षांपूर्वींचा श्रावण. पश्चिमेकडून पावसाची झड चार दिवस लागून राहिली होती. आम्हीं पडदे घट्ट लावून घेतले, हवा कोंडली. पाण्याच्या नळीचीं पांच-सात निपलें ठिबकत होतीं, तीं पाऊस ओसरल्यावर बदलूं असें म्हणून ठेवलें. तुसाची गादी त्या ओळीखालीं पापडासारखी धरली. विसाव्या दिवशीं पिलें खाद्य कमी खाऊं लागलीं, पंख पाडून कोपऱ्यांत बसूं लागलीं. आम्हीं विक्रेत्यास बोलाविलें. त्यानें आंतडें बळकट करणाऱ्या दोन बाटल्या व यकृताची एक दिली. दुसऱ्या दिवशीं आणखी एक. सुमारें चार हजार रुपये तेथें गेले. बाविसाव्या दिवशीं तुसावर रक्ताचे डाग दिसले व मरतूक सुरू झाली. चोविसाव्या दिवसापर्यंत एकशें शहाण्णव पिलें गेलीं. उरलेल्यांपैकीं पुष्कळशीं पुढें वजनास आलींच नाहींत, आणि कंपनीच्या हिशोबांत आम्हांस त्या बॅचची जी पालनरक्कम मिळाली तींतून वीज व तुसाचा खर्चही सुटला नाहीं.

पशुवैद्यकीय दवाखान्यांतील डॉक्टर आले. त्यांनीं बाटल्यांकडे पाहिलेंही नाहीं. प्रथम खालीं वांकून त्यांनीं नळीखालचें तूस मुठींत घेऊन दाबलें व मूठ उघडली. तुसाचा लाडू तसाच राहिला. मग मेलेलीं दोन पिलें पत्र्यावर उघडलीं. एकाचे दोन्ही अंधनाल रक्तानें काळपट फुगलेले होते. दुसऱ्याचें लहान आंतडें वायूनें ताणून पातळ झालेलें, आणि आंतली मखमल जाऊन तेथें जुन्या खरखरीत पंच्यासारखा पिवळट थर. डॉक्टर म्हणाले, “भाऊ, पहिली रक्ती हगवण, तिच्या पाठीवर दुसरा आंतड्याचा सडका रोग. बाटली काय करील? आधीं तूस बाहेर काढा.”

रक्ती हगवण आयमेरिया नांवाच्या सूक्ष्म परोपजीवी प्राण्यापासून होते. त्याचे बीजकोश विष्ठेंतून तुसावर पडतात. पडल्याबरोबर ते निरुपद्रवी असतात. ओल, ऊब व हवा मिळाली कीं एक-दोन दिवसांत पिकतात व मग टोंचल्यावर आंतड्याच्या पेशींत शिरून त्या फोडतात. साधारण आठवड्यास एक पिढी, आणि दर पिढीस संख्या अफाट. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत हा रोग उसळतो. नेहमींचीं जंतुनाशकें या बीजकोशांस पुरीं पडत नाहींत. कोरडेपणा मात्र त्यांस सोसत नाहीं. फोडलेल्या भिंतींतून रक्तरस पाझरला कीं तेथें नेहमीं थोड्या संख्येनें असणारा क्लॉस्ट्रिडियम हा जंतु त्या मेजवानीवर माजतो आणि विष सोडूं लागतो. दुसऱ्या पिलाच्या आंतड्यांत दिसलें तें हेंच.

तेव्हां प्रथम तूस. मुठींत दाबलेलें तूस मूठ उघडतांच सैल होऊन सुटलें पाहिजे. लाडू झाला तर ओल जास्त. मुळींच न चिकटतां धूळ उडाली तर फार कोरडें. दिवसाआड खुरपणीसारखें तूस हलवावें, पापड धरलेलें उचलून बाहेर टाकावें, ठिबकणारें निपल त्याच दिवशीं बदलावें. चुना ओल ओढतो, परंतु हात सैल सोडून टाकल्यास विष्ठेंतून अमोनियाचा वास भडकतो व पिलांचे डोळे चुरचुरतात. पावसाळ्यांतही पडद्यावर वीतभर फट ठेवावी; दमट हवा बाहेर गेली पाहिजे. पातळ विष्ठा दिसली कीं लगेच रोग समजूं नये; खाद्यांत किंवा पाण्यांत मीठ अधिक झालें तरी पिलें पाणी फार पितात व तूस भिजतें.

एवढें झाल्यावर आतां पुडींकडे वळतों. जे कंपनीच्या कराराखालीं पिलें वाढवितात त्यांनीं एक ध्यानांत ठेवावें कीं, खाद्य कंपनीचें असतें व त्यांत कांहीं द्रव्यें आधींच घातलेलीं असतात. विशेषतः रक्ती हगवणीस आळा घालणारें सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा तत्सम द्रव्य बहुधा असतेंच. काय घातलें आहे हें सुपरवायझरास विचारून लिहून घ्यावें व मगच आपलें कांहीं मिसळावें. कारण, सर्दी-खोकल्यावर पाण्यांतून दिलें जाणारें टायम्युलिन या द्रव्यांशीं जुळत नाहीं; दोन्हीं एकत्र झालीं तर पिलें लुळीं पडून मरतात. तसेंच हें खाद्य घोड्याच्या तोंडीं कदापि लागूं देऊं नये. कोंबडीस सोसणारें मोनेन्सिन घोड्यास प्राणघातक आहे. माथेरानच्या पायथ्याशीं घोडेवाल्यांचीं घरें असल्यामुळें हें मुद्दाम लिहिलें.

स्वतः खाद्य मिसळणारांनीं प्रथम मका पाहावा. इंग्लंडांत सन १९६० मध्यें टर्की पक्ष्यांची एक लाखावर पिलें अज्ञात रोगानें मेलीं. शेवटीं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरील बुरशीचें विष हें कारण निघालें. अफ्लाटॉक्सिन हें नांव तेव्हांपासून पडलें. आपल्याकडे ओला मका पोत्यांत भरला कीं हेंच विष तयार होतें. तें यकृत बिघडवितें व रोग सोसण्याची शक्ति कमी करतें. यावर बेंटोनाइटसारखी माती मिसळतात. ती अफ्लाटॉक्सिनास आंतड्यांत धरून ठेवते. परंतु बुरशीचीं इतर कित्येक विषें तिच्या हातीं नीट लागत नाहींत. म्हणून मातीच्या भरंवशावर काळा पडलेला मका स्वस्तांत घेणें हा आमच्या मतें आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. मका चांगला वाळवून, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावा.

पाचक द्रव्यांविषयीं थोडक्यांत. मका व सोयापेंड यांतील स्फुरदाचा मोठा भाग अशा रूपांत असतो कीं कोंबडीस तो पचवितां येत नाहीं. फायटेज हें द्रव्य तो मोकळा करतें. हें काम खात्रीचें आहे, पण खाद्य तयार करणारानेंच तें हिशोबानें घालावयाचें असतें. शेडींत बसून वरून टाकण्यांत अर्थ नाहीं.

आम्लें दोन कामें करतात. फॉर्मिक, प्रोपिऑनिक यांसारखीं आम्लें खाद्यांतील व पाण्यांतील जंतु आणि बुरशी दाबून ठेवतात. ज्यांचें पाणी उघड्या विहिरीचें किंवा साठवणीचें आहे त्यांस यांचा उपयोग होतो. पण मात्रा चढली तर पाणी आंबट होऊन पिलें तें पीतनाशीं होतात. ब्युटिरिक आम्लाची गोष्ट निराळी. तें अंधनालांतील चांगले जंतु स्वतःच तयार करतात व आंतड्याच्या पेशींचें तें अन्न होय. बाहेरून द्यावयाचें तर चरबीचें कवच चढविलेलें घ्यावें, नाहींतर तें वरच्या वरच शोषलें जातें. त्यास खंवट लोण्याचा वास येतो. पोतें घरांत ठेवल्यास घरांतील मंडळी काय म्हणतील तें सांगावयास नको.

जिवंत जंतूंच्या पुडींत बहुधा लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्याच्या जंतूंचे भाऊबंद, किंवा बॅसिलस जातीचे जंतु असतात. दुसऱ्यांचे बीजाणु खाद्याच्या गोळ्या करतांना लागणारी उष्णता सोसतात. पहिले सोसत नाहींत. यांचें काम रिकामी जागा अडविण्याचें, तेव्हां तीं पहिल्या दिवसापासून द्यावीं. बाविसाव्या दिवशीं रक्त दिसल्यावर देऊन उपयोग नाहीं. आणि येथें बहुतेकांची एक चूक होते. पाणी शुद्ध करण्यासाठीं टाकींत क्लोरीन घालावयाचें व त्याच पाण्यांत ही पुडी कालवावयाची! पैसे देऊन विकत घेतलेले जंतु आपणच टाकींत मारून पिलांस पाजतों. ज्या दिवशीं पुडी द्यावयाची त्या दिवशीं क्लोरीन नसलेलें पाणी वापरावें, व प्रतिजैविक चालू असतांना ती देऊं नये. यीस्टच्या पेशींच्या सालीपासून केलेली पूड ही जिवंत नसते. कांहीं रोगजंतु आंतड्यास चिकटावयाच्या ऐवजीं तिला चिकटतात व विष्ठेबरोबर निघून जातात.

ओवा, दालचिनी, लसूण, हळद यांच्या अर्कांविषयीं आपल्या लोकांस सहज प्रेम वाटतें, आम्हांसही वाटतें. ओव्यांतील थायमॉल व दालचिनीचें तेल जंतूंस मारक आहे हें खरें. पण परीक्षानळींत जें दिसतें तें आंतड्यांत तितकेंच दिसेल असें नव्हे, आणि पिकाप्रमाणें अर्काचा कसही बदलतो. मूठभर ओवा कुटून खाद्यांत टाकल्यानें अपाय होणार नाहीं; त्यावर भिस्त ठेवल्यानें मात्र होईल.

मग घ्यावें कीं न घ्यावें, हें कळावें कसें? विक्रेत्याच्या कागदावरून कळणार नाहीं. आपल्या वहींतूनच कळेल. शेडीच्या मधोमध जाळी लावून दोन भाग करावे. एकाच गाडींतलीं पिलें दोन्हींकडे सारखीं मोजून सोडावीं, खाद्य एकच, तूस एकच. फक्त एका बाजूस पुडी. रोज चार रकाने भरावे: मरतूक, खाद्य, पाणी व तुसाची मूठ. आठवड्यास दोन्हीं बाजूंचीं पन्नास-पन्नास पिलें तोलावीं. शेवटीं एका बाजूस ५,१०० किलो खाद्यांत ३,००० किलो वजन झालें तर प्रमाण १.७० आलें, दुसऱ्या बाजूस तेवढ्याच वजनास ४,९८० किलो लागलें तर १.६६. फरक १२० किलो खाद्याचा. पुडीची किंमत इतक्या खाद्याहून कमी असेल तरच ती ठेवावी. आणि पुढच्या बॅचला बाजू बदलावी, कारण एक बाजू पावसाळी वाऱ्याची असते व तिचा तोटा पुडीच्या माथीं बसतो.

आम्हीं असें आम्लाच्या बाबतींत दोन बॅचा केलें. पहिलींत आम्लाची बाजू थोडी सरस आली व आम्ही हरखून गेलों. दुसरींत बाजू बदलली, तर बिनआम्लाची सरस आली. म्हणजे सरस होती ती पूर्वेची बाजू, आम्ल नव्हे. आमचें पाणी बोअरचें व तपासलेलें आहे. ज्यांचें तसें नाहीं त्यांस कदाचित् निराळें उत्तर मिळेल. तुसाच्या मुठीचा रकाना मात्र दोन्हीं बॅचांत स्पष्ट बोलला: ज्या आठवड्यांत लाडू होऊं लागला, त्याच्या पुढच्या आठवड्यांत खाद्य वाढलें व वजन अडलें.

येत्या आषाढांतल्या बॅचला बॅसिलसची पुडी एका बाजूस द्यावयाचें ठरविलें आहे. ज्या सभासदांस मागील वह्या पाहावयाच्या असतील त्यांनीं रविवारीं सकाळीं घरीं यावें. वह्या ओटीवरच ठेवलेल्या असतात. शेड पाहावयाची असल्यास मात्र त्या दिवशीं दुसऱ्या कोणाच्या शेडींत पाय ठेवून येऊं नये, आणि चपला आमच्या फाटकाबाहेर काढाव्या. आंत जाण्यासाठीं रबरी बूट आम्हीं तेथें ठेवले आहेत.